दुखणं कोपराचं, नाव टेनिसचं, माप कोणाचं?

‘टेनिस एल्बो’ झालेल्या बहुतेक माणसांनी आयुष्यात कधी टेनिसची रॅकेट हातात धरलेली नसते. सुतार, गवंडी, स्वयंपाकी, दिवसभर माउस धरून बसणारे, पिळून पिळून धुणं वाळत घालणाऱ्या बायका अशांनाच हे दुखणं जास्त होतं. मग नाव टेनिसचं का? आणि नाव कोणाचं पडलं याने खरंच काही फरक पडतो का?

माझ्या मते पडतो. माझी पीएचडी हातातल्या लांब अवजारांवर आहे. काठीसारखी वस्तू धरून फिरवली की मनगटावर आणि कोपरावर किती भार येतो, एवढाच तो विषय. यंदा मे महिन्यात घरी, आरे-वारेला होते. अमेरिकेतून आतेभाऊ आला होता. दादा गोल्फ खेळतो, डावं कोपर चार महिने दुखतंय आणि त्याला नवे क्लब मापाने करून घ्यायचे आहेत. ‘काय काय बघून घेऊ, सांग,’ म्हणाला. त्याच आठवड्यात काका आंबे काढून आले ते कोपर चोळतच. दोघांनी बोट ठेवलं ती जागा एकच, कोपराच्या बाहेरच्या बाजूचं हाड. दादाकडे मापं घेणारा माणूस, मशीन, कॅमेरा, सगळं आहे. काकांना मात्र ‘थोडे दिवस विश्रांती घ्या’ एवढंच सांगण्यात आलं, तेही ऐन हंगामात. हा फरक कुठून आला ते शोधताना जो इतिहास हाती लागला, तो इथे मांडते.

दुखणं आधी कारकुनाचं होतं

१७०० साली इटलीत बर्नार्दिनो रामाझ्झिनी या डॉक्टरने कामगारांच्या रोगांवर एक पुस्तक प्रसिद्ध केलं. कुंभार, खाणकामगार, सुईणी अशा एकेका व्यवसायात शरीराचं काय होतं, ते त्यात आहे. पुढच्या, वाढवलेल्या आवृत्तीत कारकुनांबद्दलही आहे. सतत लेखणी धरून हात आणि दंड कसा थकून जातो, हे त्याने नोंदवलंय. पुढे १८७३ मध्ये रुंगे नावाच्या जर्मन डॉक्टरने कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या दुखण्याचं वर्णन केलं, तेही लिहिण्याच्या संदर्भात. म्हणजे वैद्यकीय नोंदीत हे दुखणं आलं ते लेखणीबरोबर.

१८७४ मध्ये इंग्लंडमध्ये मेजर विंगफील्ड यांनी लॉन टेनिसचं पेटंट घेतलं. १८७७ मध्ये पहिली विम्बल्डन स्पर्धा झाली. बागेत हिरवळ असलेल्या घरांमध्ये हा खेळ झपाट्याने पसरला आणि १८८२-८३ पर्यंत ‘लॅन्सेट’ आणि ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ‘लॉन टेनिस आर्म’, ‘लॉन टेनिस एल्बो’ असे शब्द छापून आले. नाव चिकटलं ते कायमचं. दुखणं होतं लिहिणाऱ्याचं, राबणाऱ्याचं. पण डॉक्टरची फी देऊन तक्रार सांगू शकणारा पेशंट टेनिस खेळत होता, असं मला वाटतं. नाव त्याचं पडलं.

नेमकं काय दुखतं?

मनगट वर उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला कंडरेने जोडलेले असतात. त्यातल्या एकाचं लांबलचक नाव एक्स्टेन्सर कार्पी रेडियालिस ब्रेव्हिस. बहुतेक वेळा दोषी हाच. आता एक गंमत करून बघा. उजव्या हाताची मूठ घट्ट आवळा आणि डाव्या हाताने उजव्या कोपराच्या खालचा, बाहेरचा भाग चाचपा. बोटं मिटतायत तळहाताकडे, पण कडक होतोय तो मागचा स्नायू. कारण बोटं जोरात मिटताना मनगट आत वळू नये म्हणून त्याला मागून ओढून धरावं लागतं. म्हणजे काहीही घट्ट धरा, लेखणी, रंधा, क्लब किंवा कोयती, किंमत या कंडरेला मोजावी लागते.

बरीच वर्षं डॉक्टर याला सूज समजत होते. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या नर्शल आणि पेट्रोन यांनी शस्त्रक्रियेत काढलेली ऊती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. तिथे सुजेच्या पेशी जवळपास नव्हत्याच. होती ती अर्धवट राहिलेली, विस्कटलेली दुरुस्ती. कंडरा झिजते, शरीर तिला सांधायला जातं, सांधून होण्याआधी पुन्हा भार येतो, आणि हे असंच चालू राहतं. म्हणून नुसती सूज उतरवून भागत नाही. २००६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास आला. त्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन, फिजिओथेरपी आणि ‘थांबून बघू’ अशी तुलना होती. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले सगळ्यांत पुढे होते. वर्षाने मात्र तेच मागे पडले, दुखणं पुन्हा उलटण्याचं प्रमाण त्यांच्यात जास्त होतं.

आता मुद्द्याचा प्रश्न. कंडरेला सावकाश सांधू द्यायचं असेल आणि काम किंवा खेळही सुटत नसेल, तर हातातलं अवजार बदलून उपयोग होतो का?

गोल्फने काठी मोजायला घेतली

अवजार शरीराच्या मापाने करण्याचा ध्यास गोल्फने जितका घेतला तितका क्वचितच कोणी घेतला असेल. आधी क्लबचे शाफ्ट हिकरी या अमेरिकन लाकडाचे असत. प्रत्येक काठी वेगळी, चांगली जोडी जमली की खेळाडू ती जपून ठेवायचा. स्टीलच्या शाफ्टला ब्रिटनमध्ये १९२९ साली परवानगी मिळाली. एकसारख्या काठ्या कारखान्यात बनू लागल्या, तसा प्रश्न आला की ‘एकसारख्या’ म्हणजे काय? लांब क्लब आणि आखूड क्लब हाताला सारखेच कसे वाटतील?

यासाठी १९२०च्या दशकात रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी एक तराजू बनवला. क्लबच्या मुठीकडच्या टोकापासून १४ इंचांवर टेकू द्यायचा आणि डोक्याकडचं पारडं किती जड पडतं ते मोजायचं. याला ‘स्विंगवेट’ म्हणतात. त्यात दडलेली गोष्ट महत्त्वाची आहे. हाताला वजन कळत नाही, वजन किती लांब आहे ते कळतं. फिरवताना तर अंतराचा वर्ग होतो. क्लबच्या डोक्यावर, म्हणजे हातापासून समजा ११० सेंटिमीटरवर १० ग्रॅम वाढवले, तर फिरवायला जो जडपणा येतो तो २० सेंटिमीटरवर वाढवलेल्या १० ग्रॅमच्या ३० पट असतो. काट्यावर दोन्ही १० ग्रॅमच!

१९७०च्या दशकात कार्बन फायबरचे हलके शाफ्ट आले. स्टीलचा शाफ्ट साधारण १२० ग्रॅम, कार्बनचा त्याच्या निम्मासुद्धा असू शकतो. चेंडूऐवजी जमिनीला क्लब लागला की जो झणका हातात येतो, तोही कार्बनमध्ये थोडा दबतो. त्याच दशकात ‘पिंग’ कंपनीने खेळाडूची उंची आणि मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजून क्लबचा कोन ठरवणारा रंगांचा तक्ता काढला. शिंप्याकडे कपडे शिवावेत तसे क्लब मिळू लागले.

पण माप घेणं म्हणजे सगळं नव्हे. नर्शल यांनीच रॅकेटच्या मुठीची जाडी तळहातावरून मोजायची पद्धत सांगितली होती आणि ती जगभर पसरली. २००६ मध्ये हॅच आणि सहकाऱ्यांनी स्नायूंना इलेक्ट्रोड लावून पाहिलं, तर मूठ पाव इंच जाड किंवा बारीक केल्याने स्नायूंच्या कामात लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. एकच आकडा बदलून कोपर वाचेल ही आशा इथे जरा मोडते. याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण मात्र गोल्फमधलं नाही, आपल्या मुंबईतलं आहे.

सचिनची बॅट आणि सचिनचं कोपर

क्रिकेटचे नियम बॅटची रुंदी सांगतात (१७७१ मध्ये एका गड्याने यष्ट्यांइतकी रुंद बॅट आणल्यावर सव्वाचार इंचांची मर्यादा आली), लांबी सांगतात, २०१७ पासून कडेची जाडीही सांगतात. वजनाबद्दल नियम गप्प आहेत. ते ज्याचं त्याने ठरवायचं. सचिन तेंडुलकरची बॅट तीन पौंडांच्या वर, साधारण १.४ किलोची. उंची पाच फूट पाच इंच. बघणाऱ्याला हे गणित उलटंच वाटायचं.

ऑगस्ट २००४ मध्ये नेदरलँड्समधल्या स्पर्धेच्या वेळी त्याचं डावं कोपर दुखू लागलं. उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाचा डावा हात बॅटच्या मुठीवर वरच्या बाजूला असतो आणि बॅटची दिशा तोच सांभाळतो. चॅम्पियन्स ट्रॉफी हुकली, ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पहिल्या दोन कसोट्या हुकल्या. नागपूरच्या तिसऱ्या कसोटीत तो परतला आणि ८ आणि २ धावांवर बाद झाला. पण त्याच डिसेंबरमध्ये ढाक्याला नाबाद २४८ झाल्या, तिथे गावसकरांच्या ३४ कसोटी शतकांची बरोबरी झाली. दुखणं जात-येत राहिलं. शेवटी मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया करावी लागली. त्यानंतर काही काळ लहानग्या अर्जुनची प्लास्टिकची बॅटही उचलवत नव्हती, असं त्याने स्वतः सांगितलं आहे.

तेव्हा घराघरांत, टपऱ्यांवर एकच सल्ला होता, ‘बॅट हलकी कर.’ सल्ला त्याला इतरांनीही दिला होता. आपण हलकी बॅट वापरून पाहिली, पण ती कधी जमली नाही, बॅट फिरवण्याची सगळी लय त्या वजनावर उभी होती, असं त्याने आत्मचरित्रात लिहिलंय. दुसरी एक गोष्टही त्यात आहे. लहानपणी मोठ्या भावाच्या, अजितच्या बॅटने खेळायचा. बॅट मोठी, पोर लहान, म्हणून हात मुठीच्या अगदी खालच्या टोकाला जायचे. ती पकड जन्मभर राहिली.

या दोन गोष्टी सहसा वेगवेगळ्या सांगितल्या जातात. मला वाटतं ती एकच गोष्ट आहे. गणित करून बघू. समजा १.४ किलोची बॅट आडवी धरली आणि तिचा गुरुत्वमध्य हातांपासून ५० सेंटिमीटरवर आहे. मनगटावरचा पीळ येतो ६.९ न्यूटन-मीटर. तशीच १.२ किलोची बॅट धरली तर ५.९. आता जड बॅटच धरा, पण हात ५ सेंटिमीटर खाली न्या. पीळ उतरतो ६.२ वर. म्हणजे वजनातल्या फरकाचा दोन-तृतीयांश भार नुसत्या पकडीने फेडला! जड बॅट आणि खालची पकड ही एकमेकींना धरून वाढलेली जोडी आहे. त्यातली एकच बदला म्हणणं म्हणजे सायकलचं सीट तेच ठेवून पेडल दुसऱ्या मापाचं लावण्यासारखं.

मग त्याने बदललं काय? बॅट जवळपास तीच ठेवली आणि शरीराला वेळ दिला. शस्त्रक्रिया, मग कित्येक महिने पायरीपायरीने ताकद मिळवणं. २५ ऑक्टोबर २००५ ला, पुन्हा नागपुरातच, श्रीलंकेविरुद्ध ९३ धावा. १० डिसेंबरला दिल्लीत ३५वं कसोटी शतक, गावसकरांचा विक्रम मागे. पुढे २००६ मध्ये खांद्याचीही शस्त्रक्रिया झाली, म्हणजे कथा गोड-गोड नाही. जड बॅटची किंमत त्याने मोजली नाही असं मी म्हणत नाही. पण ही किंमत कुठे आणि किती मोजायची हे ठरवायला त्याच्याकडे सर्जन होता, फिजिओ होता आणि पाच महिने होते.

झेल्याचं माप

आता आरे-वारेला परत येऊ. गणपतीपुळ्याच्या रस्त्यावर डोंगराच्या वळणावरून दोन्ही किनारे दिसतात तिथे सगळे फोटोला थांबतात. त्याच डोंगराच्या उतारांवर हापूसच्या बागा आहेत. आंबा हाताने पोचत नसेल तर झेल्याने काढतात. लांब बांबू, टोकाला जाळी आणि पातं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने सुधारलेला ‘नूतन झेला’ आता सगळीकडे दिसतो. त्याने देठासकट आंबा निघतो, चीक फळावर सांडत नाही, फळ डागाळत नाही. फार चांगलं अवजार आहे. फळाचा विचार त्यात पुरेपूर केलेला आहे.

हाताचा हिशोब आपण करू. समजा ४ मीटरचा बांबू २ किलोचा, टोकाची जाळी आणि आत आलेले आंबे मिळून १ किलो. झेला सरळ उभा असेल तर भार नुसता खाली. पण फांदी कुठे डोक्यावर असते? ३० अंश कलला की टोक २ मीटर पुढे जातं, बांबूचा मध्य १ मीटर. पीळ झाला जवळपास ४० न्यूटन-मीटर. सचिनच्या आडव्या बॅटच्या जवळजवळ सहापट, आणि हे एका चेंडूपुरतं नाही, सकाळपासून उन्हं चढेपर्यंत.

हा पीळ दोन हात मिळून धरतात. खालचा हात टोकाला आणि वरचा अर्ध्या मीटरवर असेल, तर वरच्या हाताला सुमारे ८ किलोइतकं ढकलून धरावं लागतं. तेच हात ८० सेंटिमीटरवर नेला तर ५ किलो. मी काकांना आधी हलका बांबू घ्या म्हटलं. ते हसले. ‘अगो, हलका बांबू वाकतो. टोक डुलायला लागलं की आंबा कापायचा कसा?’ बरोबर होतं त्यांचं. लवचीक काठी स्थिर धरायला मूठ आणखी आवळावी लागते, आणि मूठ आवळली की दुखतं कोण ते वर पाहिलंच. मग बांबू तोच ठेवला. दोन हातांतलं अंतर वाढवलं, वरच्या हाताच्या जागी सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली, म्हणजे मूठ सैल ठेवूनही बांबू निसटत नाही. जाळीत चार आंबे साठवायचे ते दोनवर आणले. वेळ जास्त लागतो, ही तक्रार त्यांनी लगेच केली आणि ती खरी आहे. मजुरी आंब्यांच्या संख्येवर असती तर हा उपाय परवडला नसता.

असं काम मोठ्या प्रमाणावर झालेलंच नाही असं नाही. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने २००९ मध्ये भारतीय शेतमजुरांची, स्त्री-पुरुष दोघांची, शरीरमापं आणि ताकद यांची माहिती एकत्र प्रसिद्ध केली, अवजारं त्या मापाने बनावीत म्हणून. माझ्या टेबलावर ती कायम उघडी असते. गोल्फमध्ये मापं घ्यायला सुरुवात झाल्यावर तीसहून जास्त वर्षांनी ती आली. पण तक्त्यातून विळ्याच्या मुठीपर्यंत आणि झेल्याच्या बांबूपर्यंत पोचायचं अंतर अजून बरंच बाकी आहे. बाजारात आजही झेला मागितला की दुकानदार विचारतो, ‘किती फुटी?’ झाडाची उंची त्यात असते, माणसाची नसते.

तर काय बघायचं?

दादाला जे सांगितलं ते कोणालाही लागू पडावं, म्हणून लिहिते. निदान आणि उपचार डॉक्टर-फिजिओचेच, हे अवजारापुरतं.

पहिलं, दुखणं भर जोरात असताना माप घेऊ नका. दुखरा माणूस नकळत वेगळा फिरवतो, आणि माप त्या चोरून केलेल्या हालचालीचं निघतं. शिवाय क्लबचं माप घेताना पन्नास-साठ चेंडू मारायला लावतात, बहुतेक वेळा कडक मॅटवरून. तो स्वतःच एक भार आहे. दोन दिवसांत विभागा, हिरवळीवर मिळालं तर उत्तम.

दुसरं, काट्यावरचं वजन विचारण्याआधी ते वजन कुठे आहे ते विचारा. शाफ्ट हलका केला पण डोकं जड केलं, तर हातात काहीच वाचलं नाही.

तिसरं, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तिला काही आठवडे द्या. हलकं, आखूड, जाड मूठ, नवी पकड सगळं एकदम केलं तर बरं कशाने वाटलं आणि वाईट कशाने, हे कळायचा मार्गच उरत नाही. विज्ञानातला सगळ्यांत जुना नियम आहे हा, आणि कोपरालाही तो लागू होतो.

चौथं, किती वेळा, हे अवजाराइतकंच मोठं माप आहे. कंडरेला सांधायला वेळ लागतो. उत्तम मापाच्या क्लबने रोज दोनशे चेंडू मारले तर माप हरतं.

चारही गोष्टी झेल्याला, रंध्याला, लाटण्याला जशाच्या तशा लागू आहेत. यात मशीन लागतं ते फक्त दुसऱ्या कलमाला, आणि तिथेही काठी बोटावर तोलून पाहिली तरी निम्मं काम होतं. मापाने अवजार घेण्याची चैन गोल्फने शोधून काढली हे मान्य. पण दुखणं त्याच्याही आधी राबणाऱ्या हातांचं होतं. नाव बदलणं आता कोणाच्या हातात नाही. माप घेणं आहे.